साहेबांचे बूट ठेवायचे कुठे

धाकटीला घरी धाकटी म्हणत, कारण ती घरातली धाकटी सून. कचेरीतही तिला धाकटीच म्हणत, कारण तिची थोरली जाऊ तिथेच टायपिंगच्या हॉलची प्रमुख होती आणि धाकटी नोकरीला लागली त्या दिवशी तिनं भर हॉलमध्ये "धाकटे, इकडे बैस" असं सांगून टाकलं होतं. त्यानंतर तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं.

सकाळी दोघी घरातून निघत तेव्हा थोरली पुढे, धाकटी मागे. संध्याकाळी परतताना थोरली पुढे, धाकटी मागे. घरी थोरलीच्या हाताखाली, कचेरीत थोरलीच्या डोळ्यांखाली. दळण कुणी आणायचं हे थोरली ठरवी आणि कुणाच्या पत्राची नक्कल कुणी टाइप करायची हेही थोरलीच ठरवी. नवऱ्याकडे गाऱ्हाणं न्यावं तर तो म्हणे, "अगं, मी तर जन्मापासून तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ आहे. मला कोण विचारतंय?"

थोरली दुष्ट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिला फक्त सगळं नीट लागे, आणि नीट म्हणजे डावीकडून. तिच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असे. नवी मुलगी यंत्रावर बसली की थोरली पट्टीनं टेबलाच्या डाव्या कडेवर टकटक करी. वाचायचं डावीकडून, टाइप करायचं डावीकडून, संध्याकाळी यंत्र पुसायचं तेही डावीकडून. टायपिंगच्या हॉलवर पत्र्याचं छप्पर होतं. दुपारी तो पत्रा तापे, खाली सगळ्या यंत्रांचा एकत्र आवाज म्हणजे जणू कुणी पत्र्यावर पोतंभर वाटाणे ओततंय, आणि त्या सगळ्यात पट्टीची टकटक मात्र बरोब्बर ऐकू येई. धाकटीच्या बोटांत ती डावी बाजू अशी भिनली होती की घरी ती कपडेसुद्धा दोरीच्या डाव्या टोकापासून वाळत घाली.

अशात कचेरीत मशीन आलं, म्हणजे कॉम्प्युटर.

त्या काळचं मशीन म्हणजे आताच्यासारखं खिशात घालून हिंडायचं नव्हे. कपाटाएवढं ते धूड आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, खिडक्यांना दुहेरी काचा लागल्या आणि खोली गार ठेवणारं आणखी एक यंत्र भिंतीत बसवलं गेलं. हॉलमधला एक पंखा कित्येक दिवस नुसता मान हलवत होता, वारा काही देत नव्हता, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण मशीनला उकडतं म्हटल्यावर सगळे धावले. मशीनला धूळही चालत नसे. म्हणून खोलीबाहेर पादत्राणांसाठी एक लांबच लांब रॅक ठेवला होता, एकाच ओळीचा, एका खणात एकच जोड मावेल असा. वर पाटी होती की पादत्राणे जमिनीवर ठेवू नयेत. पाटी थोरलीनंच टाइप केली होती.

मग सूचना निघाली. ज्यांना मशीनचं काम शिकायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. आठवडाभर शिकवणी, शनिवारी परीक्षा, जे उतरतील त्यांची नेमणूक मशीनच्या खोलीत. धाकटीनं सूचना वाचली, त्या खोलीच्या दारात उभं राहून एकदा तो गारवा अंगावर घेतला आणि कुणाला न विचारता नाव देऊन टाकलं. लग्नानंतर कुणाला न विचारता केलेली ही तिची पहिलीच गोष्ट.

थोरली रागावली असती तर परवडलं असतं. ती रागावली नाही. तिनं धाकटीच्या टाइपरायटरवर कव्हर घातलं, खुर्ची टेबलाखाली सरकवली, खुर्चीवरची उशी झटकून पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, "जा हो. शनिवारनंतर तुझी खुर्ची इथेच असेल. मी कुणाला बसू देणार नाही."

त्या प्रेमळ वाक्याचा अर्थ धाकटीला बरोबर कळला. नापास होऊन त्या उशीवर परत बसायचं, आणि मग जन्मभर घरीदारी, जेवताखाता ऐकायचं. नापास होणं तिला परवडणारं नव्हतं.

शिकवायला आलेला माणूस कोवळा होता. खिशात खडू, नाकावर खडू, आणि बोलणं इतकं आर्जवी की फळ्यालाही 'जरा पुसू का' विचारेल असं वाटे. सगळे त्याला मास्तर म्हणत. पहिले दिवस बरे गेले. मशीनला बेरीज सांगायची, मशीननं बेरीज करायची. धाकटीला वाटलं, हे तर नव्या सुनेसारखं आहे. सांगू तेवढंच करतं आणि न सांगितलेलं काही करत नाही.

बुधवारी मास्तरांनी फळ्यावर खणांची एक ओळ काढली आणि प्रत्येक खणात एकेक आकडा लिहिला. अशा ओळीला त्यांच्या भाषेत अ‍ॅरे म्हणतात असं सांगितलं. मग गणित घातलं. प्रत्येक आकडा एकेक घर उजवीकडे सरकवायचा. शेवटच्याला उजवीकडे जागा नाही, म्हणून त्यानं वळसा घालून पहिल्या खणात यायचं. बस, एवढंच.

"एवढंच?" धाकटीच्या शेजारी बसलेले हिशेबनीस म्हणाले. हे गृहस्थ करकर वाजणारे बूट घालत आणि तसेच करकर बोलत. रॅकमध्ये त्यांचे बूट ठेवल्यावर खोलीत जरा शांतता होई, पण बोलणं बाहेर काढून ठेवायची सोय नव्हती. त्यांचंही नाव परीक्षेला होतं.

धाकटीनं कागदावर प्रोग्राम लिहिला. पहिल्या खणातलं दुसऱ्यात घाल, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, तिसऱ्यातलं चौथ्यात, असं शेवटपर्यंत. मग शेवटचं पहिल्यात. स्वच्छ, सरळ, डावीकडून. मास्तरांनी तो मशीनला दिला. मशीननं थोडा वेळ विचार केल्यासारखी घरघर केली आणि कागद बाहेर सोडला. पहिल्या खणात चार होता. आता सगळ्याच खणांत चार होता. चार, चार, चार, चार, पार कडेपर्यंत.

"ओळीत सगळे जुळे भाऊ उभे केलेत बाई तुम्ही," हिशेबनीस म्हणाले.

तिनं पुन्हा लिहिलं, जास्त स्वच्छ अक्षरात. पुन्हा चार. ओळ उलटसुलट तपासली, एकही खण सुटलेला नव्हता. मास्तरांनी समजावलं की मशीन आकडा उचलून ठेवत नाही, नुसता पाहून पुढच्या खणात लिहितं, आणि लिहिताना तिथला आधीचा पुसून टाकतं. धाकटीनं मान डोलावली. समजल्याची मान वेगळी असते आणि डोलावलेली वेगळी, हे मास्तरांना अजून कळत नव्हतं. हिशेबनिसांनी तोवर कुठूनसं एक सूत्र मिळवलं होतं. "उजवीकडून सुरू करायचं," ते म्हणाले, "का ते विचारू नका, पण उजवीकडून." त्यांचं उत्तर बरोबर आलं. धाकटीला उजवीकडून सुरू करायचं म्हणजे उलट्या चपला घालून चालल्यासारखं वाटलं, आणि कारण न कळता तिच्या हातून काही होईना. ती आपली चार, चार, चार.

गुरुवारी मशीन पाहायला वरून पाहुणे यायचे होते. मोठे साहेब सकाळपासून गळ्यातला टाय सैल करत होते आणि घट्ट करत होते. धाकटीचा तिसरा कागद चारांनी भरून बाहेर आला तेव्हा मास्तर फार आर्जवानं म्हणाले, "बाई, पाहुण्यांसमोर हे नको. तुम्ही जरा बाहेर जाऊन डोकं थंड करून या."

डोकं थंड करायला गारव्यातून उकाड्यात पाठवणारा तो पहिलाच माणूस असेल. धाकटी अनवाणीच बाहेर येऊन पायपुसण्यावर उभी राहिली. व्हरांडा नुकताच पुसला होता, फरशी ओली होती, पोछ्याची बादली कोपऱ्यात तशीच होती. तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आले. सोबत थोरली होती, छातीशी टाइप केलेल्या माहितीच्या प्रती धरून. पाहुण्यांनी बूट काढले, साहेबांनी त्यांना पुढे घातलं, मग थोरलीलाही "बाई, तुम्ही व्हा पुढे" म्हटलं आणि सगळ्यांत शेवटी आपले बूट शेवटच्या खणात ठेवून आत गेले. जाताना थोरलीनं पायपुसण्यावर उभ्या असलेल्या जावेकडे असं पाहिलं, की त्या नजरेत उशीसुद्धा दिसत होती.

दार लागलं. व्हरांड्यात धाकटी एकटी उरली, आणि समोर तो रॅक.

ती रॅककडे बघत राहिली. एक ओळ. खणात एकेक जोड. पहिल्या खणात मास्तरांच्या झिजलेल्या चपला, मग तिच्या स्वतःच्या, मग हिशेबनिसांचे करकरे, मग बाकीच्यांचे, पाहुण्यांचे, शेवटून दुसऱ्या खणात थोरलीच्या नाजूक पट्ट्यांच्या सँडल, आणि टोकाला साहेबांचे बूट, एकेक होडीएवढा.

कुठलाही भला माणूस इथे नुसता बघून गप्प बसला असता. धाकटी सासरी फार भली होती, पण माहेरी तिचं नाव 'उचापत' होतं, आणि माहेरचं नाव सासरी आलं तरी आतून पुसलं जात नाही.

तिनं मास्तरांच्या चपला उचलल्या आणि डावीकडून सुरुवात केली. दुसऱ्या खणात तिच्या चपला होत्या. तिनं वरून दाबून पाहिलं. मावेनात. आणखी दाबलं तर तिच्याच चपलेचा अंगठा वाकला. चपला काही केल्या जागा देईनात. आणि तिथे, ओल्या फरशीवर, हातात मास्तरांच्या चपला घेऊन उभी असताना तिला एकदम लख्ख दिसलं. चपला भांडतात, म्हणून कळतं. आकडे गरीब बिचारे. त्यांच्या डोक्यावर दुसरा आणून ठेवला तर ते हूं की चूं न करता पुसले जातात. पहिल्यानं दुसऱ्याला पुसलं. मग ती दुसऱ्या खणाकडे गेली, तर तिथेही पहिलाच बसलेला, त्यालाच उचलून तिसऱ्यावर ठेवला. सगळीकडे चार झाले ते असे.

म्हणजे ज्याच्या पुढचं घर रिकामं, त्यानंच आधी हलायचं. पण रिकामं घर तर एकही नाही. मग कुणीतरी आधी बाहेर निघायला हवं. आणि उजवीकडे सरकायचं, तर बाहेर निघायचं टोकाच्यानं.

टोकाला साहेब होते.

तिनं मास्तरांच्या चपला परत ठेवल्या आणि साहेबांचे बूट बाहेर काढले. आता हे ठेवायचे कुठे? जमीन ओली, वर पाटी, पाटी थोरलीची. हातात धरावेत तर बाकीचे जोड कशानं हलवायचे? सगळ्या व्हरांड्यात कोरडी आणि मोकळी अशी एकच जागा होती. धाकटीनं एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि साहेबांच्या बुटांत पाय घातले.

मग काय विचारता. थोरलीच्या सँडल टोकाच्या खणात गेल्या. त्यांच्या रिकाम्या जागेत पाहुण्याचे बूट, त्याच्या जागी दुसऱ्या पाहुण्याचे, असं करत करत ती होड्या वल्हवत खटाक खटाक डावीकडे निघाली. एकही जोड भांडला नाही. सगळे गुणी मुलांसारखे एकेक घर सरकले. हिशेबनिसांचे करकरे सरकले, तिच्या चपला सरकल्या, शेवटी मास्तरांच्या. पहिला खण मोकळा झाला. आता फक्त साहेबांना त्यात ठेवायचं, की गणित सुटलं. तिला इतका आनंद झाला की तिनं त्या बुटांतच एक गिरकी घेतली.

आणि दार उघडलं.

बूट पायातून काढून पहिल्या खणात ठेवायला वेळ नव्हता. धाकटी एका ढांगेत कोपऱ्यात गेली आणि पोछ्याच्या बादलीमागे पाय दडवून ताठ उभी राहिली. आतून माणसं बोलत बोलत बाहेर आली. माणूस बूट डोळ्यांनी शोधत नाही, सवयीनं शोधतो, हे तिला तेव्हा कळलं. ज्यानं त्यानं आपापल्या खणात हात घातला. पाहुण्यांपैकी एकाच्या हाती दुसऱ्याचे बूट आले. हिशेबनिसांनी धाकटीच्या चपलेत अर्धा पाय घालून ती इतकी लहान कशी झाली याचा विचार सुरू केला. मास्तर पाटीकडे बघत राहिले, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असावं. आणि मोठे साहेब, मशीनमुळे कचेरी कशी शिस्तीत आली हे पाहुण्यांना सांगता सांगता, खाली न बघताच टोकाच्या खणातल्या थोरलीच्या सँडलमध्ये अंगठा घुसवत होते.

थोरली सगळ्यांच्या मागून बाहेर आली. त्या गारव्यातून तिचा पाय निघत नसावा. तिनं आधी साहेबांच्या अंगठ्याखालची आपली सँडल पाहिली. मग रॅकवरून नजर फिरवली, अर्थातच डावीकडून. पहिला खण रिकामा. दुसऱ्यात मास्तर, तिसऱ्यात धाकटी, चौथ्यात हिशेबनीस. मग तिनं कोपऱ्यात पाहिलं. तिथे तिची जाऊ उभी होती, नेहमीपेक्षा चांगली दोन बोटं उंच.

धाकटीनं डोळे मिटून घेतले. परीक्षा गेली, मशीन गेलं, आता ती उशीसुद्धा मिळते की नाही.

"सगळ्यांनी आपापल्या उजवीकडच्या खणात बघा," थोरलीचा आवाज आला. पट्टी हातात नव्हती, पण टकटक ऐकू आली. सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं, आणि ज्याचं त्याला मिळालं. पाहुण्यांनी समाधानानं माना हलवल्या. यालाच ते शिस्त समजले असावेत.

"आणि माझे?" साहेब म्हणाले. त्यांच्या उजवीकडे भिंत होती.

"तुमचे पॉलिशला पाठवलेत मी," थोरली म्हणाली. "पाहुणे यायचे म्हणून. धाकटे, झाले असतील, घेऊन ये बघू."

एवढं बोलून ती कोपऱ्यासमोर आली आणि राहिलेल्या प्रती दोन्ही हातांनी पंख्यासारख्या पसरून पाहुण्यांना दाखवायला लागली. त्या कागदांच्या आडोशानं धाकटी भिंतीला चिकटून खेकड्यासारखी सरकली. खटाक. थोरली जोरात खोकली. खटाक. थोरलीनं एका परिच्छेदाचं मोठ्यानं वाचन सुरू केलं. व्हरांड्याच्या वळणापलीकडे जाताच धाकटीनं बूट काढले, रुमालानं घासूनपुसून चकचकीत केले आणि दोन बोटांवर मिरवत परत आणले.

साहेबांनी पाय घातले आणि थबकले.

"बाई, बूट गरम कसे लागतायत?"

"ताजं पॉलिश आहे," थोरली म्हणाली.

संध्याकाळी घरी जाताना थोरली पुढे, धाकटी मागे, आणि दोघींच्या मधे न बोललेलं एवढं होतं की रस्त्यावरची माणसंही बाजूला होत होती. जेवणं झाली. दोघींचे नवरे ताटावरून उठताना एकमेकांकडे बघून जरा लगबगीनंच उठले. स्वयंपाकघराचं दार थोरलीनं लोटलं.

"सांग," ती म्हणाली.

धाकटीनं सांगितलं. रडत सांगायचं ठरवलं होतं, पण सांगता सांगता तिला पुन्हा तो आनंद चढला. तिनं फळीवरचे डबे दाखवले. हे खण समजा, जाऊबाई. चहा, साखर, मीठ, डाळ, तांदूळ. सगळ्यांना एक घर उजवीकडे जायचंय. थोरलीनं तांदळाचा डबा काढून काखेत मारला, डाळ सरकवली, मीठ सरकवलं, साखर, चहा, आणि तांदूळ पहिल्या जागी ठेवला. मागे होऊन पाहिलं. तोंडावरची एक रेषा हलली नाही, पण हात पुन्हा फळीकडे गेला.

"आणि डावीकडे सरकवायचे असतील तर?"

"डावीकडे? तसं गणित घातलं नाही मास्तरांनी."

"मी घालतेय."

धाकटी फळीसमोर उभी राहिली. थोरलीला उलटं विचारायची सवयच होती. भात मऊ झाला तर विचारी, फडफडीत का नाही, आणि फडफडीत झाला तर... पण प्रश्न होता खरा. डावीकडे जायचं, तर डावीकडच्या टोकाचं घर आधी रिकामं व्हायला हवं. तिनं पहिला डबा काढून काखेत मारला. मग त्याच्या शेजारचा त्या जागी. मग त्याच्या शेजारचा. शेवटी काखेतला टोकाला.

"म्हणजे डावीकडून सुरुवात," थोरली समाधानानं म्हणाली. "इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतेय?"

धाकटीनं धीर करून विचारलं, की साहेबांना बुटांचं सांगणार का. थोरलीनं डबे नीट एका रेषेत लावत उत्तर दिलं, "नापास झालीस तर माझ्याकडेच येणार आहेस. सांगून मी माझ्याच हॉलची अब्रू कशाला घालवू? पास झालीस तर बघू."

म्हणजे पास झालं तरी सुटका नव्हतीच. धाकटी त्या रात्री दोन्ही बाजूंनी भीत झोपली.

शनिवारी परीक्षेला मास्तरांनी एकेक चिठ्ठी वाटली. प्रत्येकानं कागदावर प्रोग्राम लिहायचा, मशीनला एकदाच द्यायचा. धाकटीनं चिठ्ठी उघडली आणि तिला हसू आवरेना. खणांची तीच ओळ होती, फक्त सगळ्यांनी एक घर डावीकडे सरकायचं होतं.

हिशेबनिसांनी चिठ्ठीकडे पाहिलं न पाहिलंसं केलं आणि आपलं सूत्र घातलं, उजवीकडून. सर्वांआधी त्यांचा कागद मशीनमध्ये गेला, आणि बाहेर आला तेव्हा शेवटच्या खणातला नऊ ओळभर पसरला होता. नऊ, नऊ, नऊ.

"ओळीत सगळे जुळे भाऊ," धाकटी अगदी हळू म्हणाली. त्यांनी ऐकलं मात्र.

तिनं कागद समोर घेतला. आधी एक जादा खण मागून घेतला, ओळीबाहेरचा, पहिल्या आकड्याला तात्पुरतं ठेवायला. त्या खणाला काहीही नाव द्यायची मोकळीक होती. तिनं 'बूट' असं नाव दिलं. मग दुसऱ्यातला पहिल्यात, तिसऱ्यातला दुसऱ्यात, स्वच्छ, सरळ, डावीकडून, आणि टोकाच्या खणात बुटातला. मशीन घरघरलं. कागद बाहेर आला. एकही आकडा पुसला गेला नव्हता, सगळे एकेक घर सरकून आपापल्या नव्या जागी बसले होते.

मास्तरांना फार आनंद झाला. "फक्त हे बूट काय आहे, बाई?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडचा शब्द आहे," धाकटी म्हणाली.

साहेबांच्या सहीनं नेमणूक झाली. हिशेबनिसांना मास्तरांनी पुढच्या तुकडीत पुन्हा बसायची परवानगी दिली, आणि त्यांनी ती स्वतःहून मागितल्यासारखी स्वीकारली. धाकटी वाऱ्यावर तरंगत टायपिंगच्या हॉलमध्ये गेली. आपली उशी उचलून आणायची, एवढंच काम उरलं होतं. हॉल नेहमीसारखा तापला होता, वाटाणे ओतले जात होते. पण तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी बसलेली होती, तीही तिच्याच उशीवर. त्या मुलीच्या जागी तिच्या मागची, तिच्या जागी आणखी मागची. सगळा हॉल एकेक खुर्ची पुढे सरकला होता.

"जाऊबाई, माझी खुर्ची ठेवणार होतात ना?"

"तू पास होणार हे गुरुवारीच कळलं. मग कशाला ठेवू?" थोरली टेबल आवरत होती. दौत, टाचण्या, रबर, सगळं पिशवीत जात होतं.

"पण मग पुढची मुलगी कुठे गेली? सगळ्यात पुढे तर..." धाकटी थांबली. सगळ्यात पुढे थोरलीचं टेबल होतं, आणि सर्वांत जुनी टायपिस्ट त्याच्या बाजूला उभी राहून ते मोकळं व्हायची वाट बघत होती.

"टोकाचा उठल्याशिवाय रांग हलत नाही, तूच सांगितलंस," थोरली म्हणाली. "साहेबांना म्हटलं, मलाही मशीन शिकायचंय. सोमवारच्या तुकडीत नाव दिलंय. ते म्हणाले, शिका, आणि नोकरीत तुम्ही सगळ्यांत जुन्या, तेव्हा शिकून झालं की त्या खोलीची देखरेखही तुम्हीच करा. गुरुवारी रॅकसमोर कशी झटक्यात शिस्त लावलीत, पाहुणे अजून नाव काढतायत, म्हणाले."

"गुरुवारी," धाकटी म्हणाली.

"बुटांचा विषय मी अजून काढलेला नाही," थोरली म्हणाली, आणि शेवटी टेबलावरची पट्टी उचलून पिशवीत घातली. "आत किती गार असतं गं. आधी बोलायचं नाहीस?"

सोमवारी दोघी मशीनच्या खोलीशी आल्या. त्या दिवशी धाकटी मुद्दाम लगबगीनं पुढे निघाली होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थोरली मागे होती. धाकटीनं चपला काढून ऐटीत पहिल्या खणात ठेवल्या. मागोमाग मास्तर, हिशेबनीस आणि बाकीचे आले, ओळ भरत गेली, टोकाला एकच खण रिकामा राहिला.

थोरली सावकाश आली. सँडल हातात घेऊन ती रॅकसमोर उभी राहिली. टोकाच्या रिकाम्या खणाकडे तिनं पाहिलं नाही. पहिल्या खणाकडे, तिथल्या धाकटीच्या चपलांकडे पाहिलं.

धाकटीनं एक सुस्कारा सोडला, दुसऱ्या टोकाला गेली, आणि उजवीकडून एकेक जोड सरकवायला लागली.